बाल न्याय मंडळाच्या स्टाफचं तीन दिवसांचं ट्रेनिंग: जावं का? नक्की जावं, आणि शिपाई मामांनाही घेऊन जावं

मी बाल न्याय मंडळात, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या गुन्ह्यांच्या केसेस जिथे चालतात त्या बोर्डात, लिपिक आहे. त्याआधी सहा वर्षं रेग्युलर कोर्टात होते, फौजदारीच्या टेबलावर, त्यामुळे रोजनामा, मुद्देमाल, समन्स, वॉरंट हे सगळं हाताखालून गेलेलं, आणि बोर्डात बदली झाली तेव्हा मी मैत्रिणीला म्हणाले होते की काम तेच आहे गं, फक्त आरोपी लहान. गेल्या महिन्यात हे ट्रेनिंग करून आले तेव्हापासून ते वाक्य सारखं आठवतंय. आमच्यासारख्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी असं काही असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि पत्र आलं तरी ऑफिसात कामाचा लोड म्हणून कोणाला सोडत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडक्यात माहिती. तीन दिवस, निवासी, फी काही नाही, आमच्या भागातल्या चार जिल्ह्यांच्या बोर्डांचा स्टाफ होता, लिपिक, डेटा एंट्रीवाले आणि काही परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलाची घरची माहिती काढून बोर्डाला अहवाल देणारे). विषय एकच, मुलांच्या किरकोळ गुन्ह्यांच्या केसेस टेबलावर आल्यापासून बंद होईपर्यंत स्टाफनं सांभाळायच्या कशा. आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही कारण पुढे तक्रारी पण लिहिल्यात. राहायची सोय ठीक, जेवण घरगुती आणि गरम, त्याबद्दल अजून काही लिहायची गरज नाही.

खरं सांगायचं तर जाताना मन नव्हतं. याआधीची दोन ट्रेनिंगं म्हणजे कोणीतरी समोर उभं राहून कलमं वाचणार आणि आपण जेवणाच्या सुट्टीची वाट बघणार. शिवाय कायद्यात सुद्धा ट्रेनिंगचा विषय निघतो तो सदस्यांचा. २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो की मंडळाच्या सगळ्या सदस्यांना, प्रधान न्यायदंडाधिकारी धरून, नेमणुकीपासून ६० दिवसांत ट्रेनिंग मिळालं पाहिजे. ते बरोबरच आहे. पण मुलाला घेऊन आलेली आई पहिल्यांदा मॅजिस्ट्रेट साहेबांना भेटत नाही ना, ती पहिल्यांदा मला भेटते, किंवा माझ्याही आधी दारातल्या शिपाई मामांना. सुप्रीम कोर्टात बाल न्याय कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल संपूर्णा बेहुरा यांची २००५ ची याचिका होती, तिचा निकाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला आणि त्यात रिकामी पदं भरा, ट्रेनिंग द्या हे पुन्हा बजावून सांगावं लागलं. म्हणजे वरच्यांपर्यंत पोचायलाच एवढी वर्षं, आमच्या टेबलापर्यंत कधी पोचणार.

पहिल्या दिवशी सकाळी एक रिटायर्ड परिविक्षा अधिकारी मॅडम आल्या. लॅपटॉप उघडलाच नाही. म्हणाल्या, टेबल भिंतीला लावा, चार खुर्च्या बाहेर पॅसेजमध्ये ठेवा, आता हे तुमचं ऑफिस. आमच्यातल्या एकाला लिपिक केलं, एकाला शिपाई, एक तरुण डेटा एंट्रीवाला मुलगा झाला आणि मी त्याची आई. माझ्या हातात त्यांनी एक कॅरीबॅग दिली, त्यात खरोखरचे कागद होते, आधारची झेरॉक्स, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका सुद्धा, कारण बाया घाबरून घरातला असेल नसेल तो प्रत्येक कागद घेऊन येतात, हे मी रोज बघते. आणि मग आम्हाला बाहेर बसवून ठेवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली, आत सगळे गप्पा मारताहेत ते ऐकू येतंय, आणि कोणी सांगत नाही की किती वेळ लागेल. मला माहीत होतं की हे नाटक आहे, तरी मी दोनदा उठून दारातून डोकावले.

मग शिपाई झालेल्या दादांनी पुकारा केला. अगदी आपल्या कोर्टात होतो तसा, खणखणीत, मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. ते दादा चांगले आहेत स्वभावानं, त्यांना काही वेगळं करायचं नव्हतं, रोज करतात तेच त्यांनी केलं. आणि माझ्या शेजारी बसलेला तो "मुलगा", चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस, त्यानं नकळत मान खाली घातली. आत गेलो तर लिपिक झालेल्या सरांनी वर न बघता विचारलं, "आरोपीचं नाव?"

मॅडम तिथेच थांबल्या. कोणाला ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, किती गोष्टी झाल्या आत्तापर्यंत ज्या या कायद्यात बसत नाहीत? मग एकेक करून आम्हीच शोधल्या. मुलाची ओळख उघड होईल असं काही करायचं नाही, मग पुकाऱ्यात पूर्ण नाव गेलंच कसं. आरोपी हा शब्द तर नाहीच, २००७ च्या जुन्या केंद्रीय नियमांत शब्दांची यादीच दिली होती, अटक, आरोपी, चार्जशीट, खटला, वॉरंट, समन्स हे वापरायचे नाहीत म्हणून, आणि आजच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात ते तत्त्व तसंच ठेवलंय. एकानं विचारलं, मग काय दर वेळी कायद्यातलं "विधिसंघर्षग्रस्त बालक" म्हणायचं का, आईला तर तो शब्द कळणार पण नाही. मॅडम म्हणाल्या, कागदावर तोच लिहा, तोंडानं मुलाचं नाव घ्या, हळू आवाजात, आणि आईला "ताई, बसा" म्हणा, दुसरं काही लागत नाही. हे मी वहीत लिहून घेतलंय. सहा वर्षांच्या कोर्टातल्या सवयीनं मी किती बायकांना उभं ठेवून कागद मागितले असतील, ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळलं नसतं.

कागदांवरून अजून एक. आम्ही सगळे वयासाठी सर्रास आधार मागतो. कलम ९४ मध्ये क्रम दिलाय, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या यादीत नाही. २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच कलम समोर ठेवून शाळेचा दाखला धरला, आधारवरची तारीख नाही. म्हणजे आईच्या त्या कॅरीबॅगेत कामाचा कागद असतोच, आपण चुकीचा मागतो आणि तिला परत गावाला पाठवतो.

दुसरा दिवस माझ्या मते सगळ्यात कामाचा. सकाळी एक वकील सर होते, त्यांनी २४ चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकीवर एक घटना, आणि टेबलावर तीन डबे, किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. आपण बोलण्यात "किरकोळ" म्हणतो ते वेगळं, कायद्यात किरकोळ म्हणजे ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद आहे तो. सोपं वाटतं ना? आम्ही अर्ध्याच्या वर चुकलो. रस्त्याकडेच्या बाकावरचा मोबाइल उचलला तर साधी चोरी, नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत, म्हणजे किरकोळ. तोच मोबाइल घरातून उचलला, किंवा माल ठेवायच्या गोडाऊनमधून, तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत, झाली गंभीर. हिसकावून पळाला तर आम्ही सगळ्यांनी गंभीरच्या डब्यात टाकली होती, पण कलम ३०४ ला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे म्हणजे ती पण किरकोळ, मात्र मारून धमकावून घेतला तर जबरी चोरी, मग सगळंच बदललं. लायसन्स नसताना स्कूटर चालवली, क्रिकेटवरून हाणामारी झाली आणि साधी दुखापत, हे सगळं किरकोळमध्ये.

आता हे ठरवायचं काम बोर्डाचं आहे, आमचं नाही, पण रजिस्टरच्या कॉलममध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये पहिला शब्द आम्हीच टाकतो, आणि एकदा टाकलेला शब्द पुढे महिनोन्महिने तसाच चालत राहतो. शिवाय नियम असा आहे की अशा केसमध्ये, मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेलं नसेल तर, एफआयआर करायचीच नाही, पोलिसांनी स्टेशन डायरीत नोंद करायची आणि सोबत मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल फॉर्म १ मध्ये आणायचा. तो अहवाल नसताना मी किती वेळा कागद जमा करून घेतले. आता विचारते. पोलीसवाले पहिल्यांदा वैतागले, आता आणतात.

दुपारनंतर तारखांचा सराव होता, आणि यावर मी तासभर लिहू शकते. प्रत्येकाला आपापल्या रजिस्टरमधल्या दहा केसेसच्या नोंदी आणायला सांगितल्या होत्या, नावं काढून. कायदा म्हणतो चौकशी चार महिन्यांत संपवायची, आणि ते चार महिने मुलाला पहिल्यांदा बोर्डासमोर हजर केलं त्या दिवसापासून मोजायचे. फार तर अजून दोन महिने वाढवता येतात, ते पण कारण लिहून. आणि किरकोळ गुन्ह्यात त्या वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही तर कामकाज बंद होतं. लांबवायची मुभाच नाही.

माझ्या दहा नोंदींत हजर केल्याच्या तारखेचा कॉलमच नव्हता. होती ती नोंदणीची तारीख. कागद आले, स्कॅन झाले, नंबर पडला, त्या दिवसाची. दोन तारखांमध्ये कुठे पाच दिवसांचा फरक, कुठे तीन आठवड्यांचा. एका केसमध्ये मुलाला सुट्टीच्या दिवशी एका सदस्यांच्या समोर हजर केलं होतं, ते कायद्यात चालतं, आणि आमच्या रजिस्टरला ती तारीख माहीतच नव्हती. म्हणजे घड्याळ तिकडे सुरू झालेलं आणि आमच्याकडे काटा हललाच नाही. मी पेन घेऊन बोटं मोडत मोजत बसले, दहातल्या तीन केसेस सहा महिन्यांच्या पुढे गेलेल्या. त्यातली एक सायकल चोरीची. सायकल तर मालकाला कधीच परत मिळालेली.

तेव्हा सरांनी दिल्लीचं सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टानं आदेश दिला की मुलांच्या किरकोळ गुन्ह्यांच्या ज्या चौकश्या वर्षाहून जास्त पडून आहेत त्या ताबडतोब बंद करा, मूल बोर्डासमोर आणलेलं असो की नसो. जून २०२१ अखेर तिथे अशा १,१०८ केसेस होत्या. हॉलमध्ये एकदम शांतता झाली, कारण प्रत्येक जण मनात आपापलं कपाट आठवत होता. प्रत्येक तारखेला बापाचा किंवा आईचा एक रोज बुडतो, पोराची शाळा बुडते, आणि गल्लीत विचारतात कुठे गेले होते. तारीख देणं म्हणजे आपल्यासाठी रोजनाम्यातली एक ओळ असते.

पण मॅडमनी इथे एक गोष्ट बजावली आणि मला ती पटली. म्हणाल्या, फाइल बंद झाली म्हणून आनंद मानू नका, सहा महिन्यांत त्या मुलाशी कोणी बसून बोललं का ते बघा. किरकोळ केसमध्ये सुद्धा बोर्डाकडे किती काही असतं, समज देऊन आई-वडिलांचं समुपदेशन, गटचर्चा, समाजसेवा, परिविक्षेवर म्हणजे देखरेखीखाली सोडणं, आणि हे सगळं करायला परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल वेळेवर लागतो, आणि तो वेळेवर यायला त्यांना पत्र त्याच दिवशी जायला लागतं. ते पत्र माझ्या टेबलावरून जातं. पूर्वी मी आठवड्याची पत्रं शुक्रवारी एकदम काढायचे.

तिसरा दिवस गोपनीयतेचा. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, कलम ७४. हे आम्हाला पेपरवाल्यांसाठी वाटायचं, पण नोटीस बोर्डावर लावलेली दिवसाची यादी, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला कागदाचा फोटो, टेबलावर नाव वर करून ठेवलेली फाइल, हे काय वेगळं आहे का? आणि दुसरं, रेकॉर्ड नष्ट करणं. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं, त्याच्यापुढे ठेवायचं नाही, असं केंद्राच्या २०१६ च्या नियमांत आहे. माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगा आला होता, सिक्युरिटीच्या नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं म्हणून, पंधराव्या वर्षीच्या एका भांडणावरून. मी त्याला सांगितलं होतं, साहेबांना अर्ज दे. कलम २४ काय म्हणतं ते मला तेव्हा माहीत असतं तर मी त्याला तसाच परत पाठवला नसता. सर्वसाधारणपणे अशा निकालामुळे मुलावर कसलीही अपात्रता येत नाही, असं ते कलम आहे. तो परत आला नाही.

आता तक्रारी. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, आणि वाटलेली मराठी पुस्तिका अशा सरकारी मराठीत की "सदरहू बालकास उपरोक्त" वाचून मूळ इंग्रजीच बरं वाटावं. आम्ही लोकांशी रोज मराठीत बोलतो, काही ठिकाणी अहिराणीत, वऱ्हाडीत, मग पुस्तिका बोलीच्या जवळ का नको? मानसशास्त्राचं सेशन दोन तास मेंदूच्या चित्रावर गेलं, शेवटची पंधरा मिनिटं गप्प बसणाऱ्या मुलाशी कसं बोलायचं यावर होती, ती उलट करायला हवी होती. कॉम्प्युटर एंट्रीच्या सेशनला हॉलचं नेट गेलं आणि तोंडीच शिकवलं, ते वाया गेलं. बाल पोलीस पथकाचं कोणीच नव्हतं, खरं म्हणजे अर्धे प्रश्न त्यांच्या आणि आमच्या मधले आहेत. दीड महिना झाला, पुढे काय केलं म्हणून कोणाचा साधा फोन नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, शिपायांना बोलावलं नव्हतं. पुकारा ते करतात, दारात ते असतात, मूल रडायला लागलं तर पाणी ते आणून देतात. मी परत आल्यावर आमच्या मामांना चहाला बसवून सगळं सांगितलं, तो पुकाऱ्याचा प्रसंग पण. मामांची नोकरी संपायला तीन वर्षं राहिलीत. ऐकून म्हणाले, "मॅडम, मला कोणी सांगितलंच नाही कधी." दुसऱ्या दिवसापासून पुकारा बंद. आता ते बाकापर्यंत चालत जातात, वाकून आईला सांगतात की चला, तुमचा नंबर आला. गर्दी असली तरी तसंच.

बाकी आमच्याकडे बदललं ते एवढं. रजिस्टरमध्ये पहिल्या हजेरीच्या तारखेचा कॉलम लाल शाईत, त्यापुढे चौथ्या आणि सहाव्या महिन्याची तारीख आधीच लिहून ठेवलेली. शाळेत जाणाऱ्या मुलांना दुपारनंतरची वेळ, सदस्यांना विचारून. पत्रं त्याच दिवशी. नोटीस बोर्डावर फक्त नंबर. त्या तीन केसेस मी टिपण करून बोर्डासमोर ठेवल्या, दोन बंद झाल्या, सायकलवाली त्यातच होती. तिसऱ्या मुलाचं कुटुंब ऊसतोडीला गेलंय, परिविक्षा अधिकारी शोधताहेत.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं आम्हाला तिथे सांगितलं होतं. पत्र जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयामार्फत येतं आणि बहुतेक वेळा आवक टेबलावर पडून राहतं, तेव्हा आधीच जाऊन चौकशी करा. जाताना आपल्या रजिस्टरमधल्या दहा नोंदी नक्की न्या, नावं झाकून. आणि दोन जागा मागा, एक तुमच्यासाठी आणि एक शिपायांसाठी. नाही म्हणाले तर लेखी मागा, आम्ही तेच केलंय.